मुद्रा कोणाची?



कॅमेरा नव्हता, त्या सतराव्या शतकात युरोपातील राजघराण्यांतल्या आणि सरदारघराण्यांतल्या स्त्रियांची चित्रे छापून विकली जात. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चेहरा उलटा कोरी, त्यात शाई भरी आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढी. एका पत्र्यावरून कितीतरी प्रती निघत. जिला समोर पाहण्याचा योग कधी येणार नाही, अशा स्त्रीचा चेहरा मग कोणालाही विकत घेता येई. पण चेहरा हाती आला म्हणजे माणूस कळले का?

१६४२ साली लुडविग फॉन झीगेन याने जर्मनीतील हेसे-कासेलच्या आमेली एलिझाबेथ हिचे चित्र छापले. रेघांऐवजी बारीक ठिपक्यांनी छाया दाखवणाऱ्या 'मेझोटिंट' पद्धतीचे हे पहिले ज्ञात चित्र. पती १६३७ साली वारल्यावर या विधवेने तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, अल्पवयीन मुलासाठी राज्य सांभाळले. आज हे चित्र ओळखले जाते ते त्याच्या तंत्रामुळे. त्या आईने काय सोसले, हे ठिपके सांगत नाहीत.

दुसरे उदाहरण लंडनचे. बार्बरा व्हिलियर्स ही राजा दुसरा चार्ल्स याची प्रेयसी. १६६४च्या सुमारास चित्रकार पीटर लेली याने तिला पवित्र मरियेच्या रूपात, मांडीवर राजापासून झालेल्या मुलाला घेऊन रंगवले. ते वाचून आपण लगेच दुखावतो, आणि ते योग्यच आहे. मातेचा पोशाख घातल्याने मातेचे पावित्र्य अंगी येत नाही. परंतु तिला नावे ठेवणारे लोकच तिचा चेहरा पाहायला उत्सुक होते. सॅम्युएल पीप्स आपल्या रोजनिशीत तिच्या भानगडी लिहीत असे. त्यानेच डिसेंबर १६६६ मध्ये तिच्या छापील चित्राच्या तीन प्रती घेतल्या. हीच बार्बरा १६६३ साली कॅथलिक झाली होती. तिच्या अंतःकरणात काय चालले होते, हे पीप्सला ठाऊक नव्हते, आपल्यालाही नाही. देवाला ठाऊक आहे.

प्रभू येशूने नाणे दाखवायला सांगून, त्यावर मुद्रा कोणाची, असे विचारले होते. नाण्यावर कैसर होता. मग माणसावर मुद्रा कोणाची? देवाने स्त्री-पुरुषांना आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. राणीवर ती मुद्रा आहे, तिचे केस विंचरणाऱ्या दासीवरही आहे, आणि जिच्याविषयी गावभर कुजबुज चालते तिच्यावरही आहे. तांब्याचा पत्रा छापून छापून झिजतो. ही मुद्रा पापाने मळते, पण पुसली जात नाही.

आज चेहरा विकत घ्यावा लागत नाही. तो मोबाइलवर आपोआप येतो. एखाद्या मुलीचा फोटो आणि त्याखाली चार टोचणाऱ्या ओळी. पुढे पाठवायला क्षणही लागत नाही. बंधुभगिनींनो, त्या क्षणी बोट थांबवू या आणि स्वतःला विचारू या : ही मुद्रा कोणाची? जे देवाचे आहे, ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?