सैनिकाचा पत्ता

इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकी छावण्यांमध्ये प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या असा सगळा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई आणि धूर सैनिकांच्या नाकातोंडात जाई. अशा धुराने आजारी पडलेल्या माजी सैनिकांना उपचार आणि भरपाई मिळावी म्हणून 2022 मध्ये झालेल्या पॅक्ट कायद्याला हीथ रॉबिन्सन या सार्जंटचे नाव आहे. तो 2020 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. या कायद्याने फार माणुसकीची गोष्ट केली. ठरावीक ठिकाणची नेमणूक आणि ठरावीक कर्करोग एवढे जुळले, की धुराचा आणि गाठीचा संबंध आजारी माणसाने सिद्ध करत बसायचा नाही. सरकारने तो गृहीत धरायचा.

या गृहीतकाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ते जिथे थांबते ती जागा सलते. तुम्ही कुठे तैनात होता, हे कायदा विचारतो. परतल्यावर कुठे राहिलात, हे विचारत नाही. विशीत चार वर्षे गणवेशात काढलेला माणूस पुढची चाळीस-पन्नास वर्षे कुठल्या तरी वस्तीत काढतो. ती वस्ती महामार्गाला किंवा रिफायनरीला खेटून असेल, ताजी भाजी लांब आणि सिगारेट कोपऱ्यावर मिळत असेल, तपासणीला जायचे तर दिवसाचा रोजगार बुडत असेल, तर धोका वाढतच जातो. बाहेरची दूषित हवा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्येच जाहीर केले. आणि सिगारेट? ती तर 1975 पर्यंत लष्कराच्या शिध्यातच येत होती.

राहायची जागा ज्याची त्याने निवडली, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. 1944 च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांना घर, शेती किंवा व्यवसायासाठी सरकारी हमीचे कर्ज देऊ केले, पण कर्ज द्यायचे बँकांनी. 1947 मध्ये मिसिसिपीतल्या 13 शहरांची पाहणी झाली, तेव्हा अशा 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फक्त 2 आली होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर आधीच लाल रंगाने धोकादायक ठरवल्या होत्या. चांगल्या वस्तीतले घर मुलाबाळांकडे जाते. न मिळालेल्या घराची उणीवही तशीच पुढे जाते.

वस्तीच्या वंचिततेचा एक निर्देशांक अमेरिकेत वापरला जातो. तो जनगणना विभागाच्या उत्पन्न, शिक्षण, रोजगार, घरांची स्थिती अशा आकड्यांवरून काढतात. तो वस्तीचे मोजमाप करतो, माणसाचे नाही. त्यावरून अमक्याचा कर्करोग अमक्या गल्लीमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. पण तसे तर खड्ड्यातल्या धुराबद्दलही म्हणता येत नव्हते. म्हणून तर गृहीतक आणावे लागले.

माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतला अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे उपचार घेणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, निदानानंतर कृष्णवर्णीयांचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाहीत. देशात एरवी हे अंतर मोठे आहे. सर्वांना सारखा दवाखाना मिळाला की एवढे साधते. तरीही हा आजार होण्याचेच प्रमाण कृष्णवर्णीय माजी सैनिकांत जास्त आहे, आणि त्यामागची सगळी कारणे दवाखान्यात सापडणार नाहीत.

पॅक्ट कायद्यानुसार नोंदणीकृत माजी सैनिकाला दर पाच वर्षांनी किमान एकदा, सेवेत कुठल्या विषारी पदार्थांशी संपर्क आला, हे विचारले जाते. त्याच्या घराचा पत्ता त्याच नोंदीत असतो, आणि वस्त्यांचा निर्देशांक कुणालाही फुकट मिळतो. फुप्फुसाच्या तपासणीला आधी कुणाला बोलवायचे, कुणासाठी गाडी पाठवायची, हे ठरवताना ती नोंद आणि हा निर्देशांक शेजारी ठेवून पाहण्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको.