मानलेले भाऊ, मानलेले भांडण

जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या उत्तरेस त्सुफेनहाउझेन नावाचा भाग आहे. पोर्शे मोटारींच्या कारखान्यामुळे त्याचे नाव जगास ठाऊक आहे. याच ठिकाणी सन १८९५ मध्ये एका यहुदी कापड कारखानदाराच्या घरी माक्स होर्कहाइमर या तत्त्ववेत्त्याचा जन्म झाला. नाझी राजवट आल्यावर १९३३ साली त्यांना देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत त्यांनी व त्यांचे मित्र थिओडोर अडोर्नो यांनी मिळून एक ग्रंथ लिहिला. तो १९४७ साली अॅमस्टरडॅम येथे छापून निघाला. त्यातील एका प्रकरणात करमणुकीच्या धंद्याची कठोर झडती घेतली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हा धंदा कारखान्यातील मालाप्रमाणे करमणूक तयार करतो, आणि माल नकली आहे हे कळूनही गिऱ्हाईक तो घेतोच.

हे म्हणणे पारखण्यासाठी आम्ही एक साधे उदाहरण घेतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांनी दूरचित्रवाणीवरील अमेरिकन कुस्ती आवडीने पाहिली आहे. त्यांना अंडरटेकर व केन यांची कथा सांगावयास नको. इतर वाचकांसाठी ती सांगतो. लहानपणी घराला आग लागली, आईबाप जळून मेले, धाकटा भाऊही मेला असे थोरल्यास वाटले. पण तो जिवंत होता, आणि आगीचा दोष थोरल्याच्या माथी मारून सूड घेण्यास तो ५ ऑक्टोबर १९९७ रोजी मुखवटा घालून आखाड्यात उतरला. थोरला कित्येक महिने म्हणत राहिला, ‘मी भावावर हात उचलणार नाही.’ अखेर मार्च १९९८ मध्ये बॉस्टन येथे दोघे भिडले.

यात खरे काहीच नाही. थोरला मार्क कॅलावे, धाकटा ग्लेन जेकब्स; दोघांचे रक्ताचे नाते नाही, आग नाही, सूड नाही. जेकब्स तर २०१८ साली टेनेसी राज्यातील नॉक्स काउंटीचे मेयर म्हणून निवडून आले. कुस्तीच्या मालकांनीच १९८९ साली न्यू जर्सी राज्यात कबूल केले होते की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. तरीही प्रेक्षकांनी हे भाऊ आपले मानले. मग प्रेक्षक मूर्ख ठरतात काय?

आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या मराठीत ‘मानलेला भाऊ’ असा सुंदर शब्द आहे. मानलेला भाऊ सख्खा नाही हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून कोणी त्याला खोटा भाऊ म्हणत नाही. मानणे वेगळे, फसणे वेगळे. कोकणात दशावतारी खेळात राजा झालेला गडी सकाळी शेतावर जातो हे सारा गाव जाणतो, तरी रात्री त्याच्यापुढे सारे गप्प बसतात.

आणि मानावयाचे तर भाऊच का? कारण परक्यांचे भांडण पट्ट्यासाठी असते; भावांचे भांडण घरात काय घडले यावर असते, आणि ते कोणालाही समजावून द्यावे लागत नाही. तोरातही काइन व हेबेल, याकोब व एसाव, योसेफ व त्याचे भाऊ यांच्या कथा आरंभीच येतात. खऱ्या घरात मात्र हे भांडण उघड होत नाही. जागेच्या वाटणीवरून, आईला कोणी सांभाळले यावरून अबोला धरला जातो. एक भाऊ मुंबईत, दुसरा परदेशात, आणि पत्रे बंद. आखाड्यात निदान दोघे समोरासमोर येतात, बोलावयाचे ते बोलतात, आणि घंटा वाजली की ते संपते. अंडरटेकर व केन तर २००१ साली जोडीने लढले. घरात जे होत नाही ते येथे झालेले पाहावयास मिळते.

परंतु होर्कहाइमर यांचा इशारा टाकाऊ नाही. कॅनडातील ब्रेट व ओवेन हार्ट हे सख्खे भाऊ. त्यांचे वैर तेवढे रचलेले. मार्च १९९४ मध्ये न्यू यॉर्क येथे धाकट्या ओवेनने थोरल्यास हरविले आणि प्रेक्षकांना ते वैर खरेच वाटावे इतके ते रंगले. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे आखाड्यात वरून उतरताना ओवेन उंचावरून कोसळला व मरण पावला. दूरचित्रवाणीवरील निवेदकास सांगावे लागले की हा कार्यक्रमाचा भाग नाही. त्या सभागृहातील प्रेक्षकांस मृत्यूची वार्ता दिली गेली नाही. खेळ पुढे चालू राहिला. माल तयार करणे थांबले नाही. येथे आम्ही त्सुफेनहाउझेनच्या त्या विचारवंताच्या बाजूने उभे राहतो.

म्हणून आमचा निवाडा असा. खोटे नाते मानणारा प्रेक्षक दोषी नाही, कारण तो जाणून मानतो. दोष त्याचा, जो खरे दुःख समोर पडले असता खेळ आवरत नाही. हा नियम आखाड्यापुरता नाही. जे खोट्या भावांच्या समेटाने डोळे पुसतात, त्यांनी आपल्या सख्ख्या भावाचे शेवटचे पत्र केव्हा आले तेही पाहावे. तेथे घंटा कोणी दुसरा वाजविणार नाही.