निदानावर तारीख हवी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात कुणाला गॅस लागला की चार दिवसांत गावभर एकच निदान फिरू लागते, ब्रेन डेड. व्हेंटिलेटरवर असलेला ब्रेन डेड, आणि स्वतःचा श्वास घेत, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेलाही ब्रेन डेड! याचा मला संताप येतो. ब्रेन डेड म्हणजे मृत्यू. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे तो किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर करावा लागतो. ज्याचा श्वास आपसूक चालू आहे, तो या व्याख्येत बसतच नाही. पण एकदा शिक्का बसला की घरचे त्याच्याशी बोलायचे थांबतात, हातापायांचा व्यायाम बंद पडतो.

हा घोळ समजायला जरा मागे जाऊ. मोरुत्झी आणि मॅगून या मेंदूशास्त्रज्ञांचे 1949चे प्रयोग सर्वश्रुत आहेत. मस्तिष्कस्तंभातला जाळीदार भाग उद्दीपित केला की झोपेतल्या मेंदूचा आलेख जागेपणाचा होतो. तेव्हापासून शुद्ध म्हणजे दिवा आणि मस्तिष्कस्तंभ म्हणजे त्याचे बटण, ही समजूत रूढ झाली.

तिला तडा गेला तो 1972मध्ये. अतिदक्षता विभागांमुळे पूर्वी दगावले असते असे रुग्ण आता जगत होते. कोमातून बाहेर येत, डोळे उघडत, झोपत-उठत. पण हाकेला ओ देत नसत. ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. जाग वेगळी आणि भान वेगळे, एक असताना दुसरे नसू शकते, हे त्यातून ठसले. हा लेख सरसकट चुकीचा वाचला जातो असे माझे मत आहे. ‘आत कोणी उरलेले नाही’ हा शोध त्या दोघांच्या नावावर खपवला जातो. प्रत्यक्षात त्यांनी खाटेजवळ उभे राहून काय दिसते ते लिहिले होते. इजा मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात, हेही त्यांनी व्याख्येत बांधले नाही, आणि अवस्था कायमची आहे असे म्हणणे त्यांनी जाणूनबुजून टाळले. तो कायमपणा 1994मध्ये अमेरिकी तज्ज्ञगटाने मुदती घालून आणला: डोक्याला मार लागला असेल तर बारा महिने, प्राणवायूअभावी इजा असेल तर तीन. निरीक्षणाचा निकाल झाला तो इथे.

या निकालाची झळ आपल्याला मुंबईच्या केईएम रुग्णालयात दिसली. 27 नोव्हेंबर 1973च्या हल्ल्यात तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांना त्या अवस्थेचे बहुतेक निकष जुळताना दिसले. आवडीचे खाणे भरवले की त्यांच्या चेहऱ्यावर कळते, असे परिचारिका सांगत राहिल्या. त्यांना भान होते, असा दावा मी करणार नाही. पण परिचारिकांचे म्हणणे माया म्हणून बाजूला सारले गेले, हे मला पटत नाही. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोअर होऊ न देणाऱ्यांची नजर हीसुद्धा खाटेजवळचीच नजर होती.

पुढचे लवकर सांगतो. 2002मध्ये ‘किमान भान’ ही स्वतंत्र अवस्था मान्य झाली. 2006मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अशाच निपचित तरुणीला टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले आणि तिच्या मेंदूचा चित्रालेख निरोगी माणसासारखा उमटला. 2024च्या अनेक देशांतील अभ्यासात सूचनेला कोणताही बाह्य प्रतिसाद न देणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांच्या मेंदूने ती पाळल्याचे आढळले. भान एका जागी राहत नाही. ते थॅलॅमस आणि दूरदूरच्या बाह्यकाच्या भागांमधल्या देवाणघेवाणीत असते, हे आता बव्हंशी मान्य आहे.

भिलाईला हे कुणी शिकवायला नको होते. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. 12 जून 2014 रोजी तो पंप हाउसमध्ये शिरला आणि सहा जण गेले. जे वाचतात त्यांच्यातल्या काहींचे पुढे वेगळेच होते. माणूस शुद्धीवर येतो, चालत घरी जातो, आणि दोन-तीन आठवड्यांनी बोलेनासा होतो, नुसता बसून राहतो. गॅसने मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंवरचे आवरण झडते. पेशी बऱ्याच शाबूत, त्यांच्यातली वाट बंद. यातले अनेक जण काही महिन्यांत, वर्षभरात सावरतात. म्हणजे पहिल्या महिन्यात त्याला पाहून दिलेला निकाल सहाव्या महिन्यात साफ खोटा ठरू शकतो.

तपासायला दरवेळी महागडे यंत्र लागते असेही नाही. हातातला आरसा चेहऱ्यासमोर धरायचा आणि सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचा. बोट किंवा बॅटरी हलवून जी नजर ढळत नाही, ती कधीकधी स्वतःच्या चेहऱ्यामागे सरकते. मात्र हे एकदा करून भागत नाही. रुग्ण सकाळी ताजातवाना असताना, औषधाची गुंगी नसताना, वेगवेगळ्या दिवशी करावे लागते, आणि रोज अंघोळ घालणारीला काय दिसले तेही त्याच कागदावर लिहावे लागते. 2018मध्ये अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने जाग असून भान नसलेल्या अवस्थेचे ‘कायमची’ हे विशेषण सोडून ‘दीर्घकालीन’ स्वीकारले आणि तपासणी पुन्हापुन्हा करा असे बजावले. आपल्याकडे निदानाच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख अजून क्वचितच दिसते. गॅस लागलेल्याच्या डिस्चार्ज कार्डावर तर ती पहिल्या महिन्यातलीच हवी, आणि तोवर तो गप्प झाला तर लगेच घेऊन या, हे घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले हवे.