पतंगाविषयी खोटी साक्ष

पावसाळ्यात शेतातील तीळ कमरेस लागू लागले म्हणजे जळगाव-धुळ्याकडील खेड्यांत रात्री दिव्याभोवती एखादे वेळी एक मोठा पतंग येतो. पंख पसरले असता तो सुमारे ४ इंच भरतो. मागील पंख हळदीसारखे पिवळे, त्यांवर काळे पट्टे, आणि पाठीवर, डोक्याच्या लगत मागे, माणसाच्या कवटीसारखा ठसा. धरावयास जावे तर तो चीं चीं असा आवाजही करतो. "हा मरण घेऊन आला," असे घरातील कोणी म्हणतो, आणि लागलीच वहाण उचलली जाते.

वाचकहो, ज्याचे खरे नाव आपणांस ठाऊक नाही, त्यास भयाने दिलेले नाव हे नाव होय की आरोप?

हे भय केवळ अशिक्षितांचे आहे असे समजू नये. स्वीडन देशाचा थोर सृष्टिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ साली याच्या युरोपातील भावंडास 'आट्रोपॉस' हे नाव दिले. ग्रीक कथांत आयुष्याचा धागा कापणारी ती हीच. आपल्याकडील जातीस 'स्टिक्स' म्हणतात, आणि ती तर मृतांच्या लोकांतील नदी! विद्वानांची दृष्टीही त्या ठशाच्या पलीकडे गेली नाही.

चौकशी केली असता निराळीच हकीकत निघते. यास नांगी नाही, विष नाही, चावावयास दात नाहीत. आहे ती एक आखूड, जाड सोंड. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून, मेणाची झाकणे भोसकून तो तिने मध पितो, व तो चीत्कारही तिच्यातूनच हवा सोडून काढतो. तो चोर आहे हे कबूल केले पाहिजे. परंतु मधाचा, प्राणांचा नव्हे. याची अळी तिळाच्या पानांवर वाढते. बोटाएवढी जाड, अंगावर तिरकस पट्टे, शेपटाकडे एक शिंग. पुढे ती मातीत शिरून कोष करते. तिळाचे वाण काढणारे संशोधन केंद्र ज्या जळगावास आहे, त्या मुलखात हा यमदूत नसून जुना शेजारीच म्हणावयाचा.

पतंगाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु हीच रीत माणसांविषयीही चालत आली आहे. सातपुड्याकडील पाड्यांत मूल आजारी पडले, गुरे मेली, की एखाद्या निराधार बाईस 'डाकीण' ठरवून मारहाण झालेली आहे. तिच्याविरुद्ध पुरावा काय, तर लोकांनी ठेवलेले ते नावच. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणे हाच गुन्हा ठरविला आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुखोद्गत म्हणतो. पण ती कचेरीत शपथ घेऊन दिलेल्या साक्षीपुरतीच आहे काय?

तिळाचा शेतकरी अळ्या वेचून मारतो, त्यास मी दोष देत नाही. त्याने ती अळी ओळखली आहे, तिने खाल्लेली पाने पाहिली आहेत, व तिच्याविरुद्ध तो जे बोलतो ते खरे आहे. घरात शिरलेल्या पतंगावर मात्र लोणच्याची रिकामी काचेची बरणी उपडी घालावी, मुलांना जवळ बोलावावे, आणि ती कवटी म्हणजे निव्वळ रंगीत लव आहे हे त्यांस दाखवावे. मग दिवा मालवून त्यास अंगणात सोडून द्यावे. शक्यतो शेजाऱ्याच्या तिळापासून दूर.