सूत्र आणि प्रकरण



‘पाणी आले’ हे दोनच शब्द घ्या. मृगाची वाट पाहणारा शेतकरी ते उच्चारतो, तेव्हा त्यांचा अर्थ पाऊस. ऐकणारा बियाण्याकडे वळतो. नळावर ताटकळलेली बाई तेच म्हणते, तेव्हा शेजारीण घागर उचलते. नदीकाठच्या गावात मध्यरात्री कोणी तेच ओरडला, तर माता निजलेले लेकरू उचलून धावते. शब्द एकच; परंतु वक्ता, श्रोता आणि प्रसंग पालटला की अर्थ पालटतो, आणि अर्थासवे आचरणही.

लौकिक वाणीची ही गत, तर श्रीमुखीच्या वचनाविषयी साधकाने किती सावध असावे! सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी सूत्रांचा ग्रंथ रचला नाही. भक्ताने पुसले, काही घडले, त्या निमित्ताने त्यांनी निरूपण केले. म्हाइंभटांनी ते प्रसंग लीळाचरित्रात संग्रहिले. केशिराजबासांनी वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराची सोय झाली, परंतु वचन प्रसंगापासून वेगळे झाले. म्हणूनच परंपरेने ‘प्रकरणवश’ जतन केला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे दाखविणे हेच त्याचे प्रयोजन.

कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये, ही आज्ञा पाहा. सुटी वाचली तर ती त्या देशांचा तिरस्कार वाटेल. परंतु ती संन्यस्त साधकास आहे, आणि कारणही सांगितले आहे : ते देश विषयबहुल, तेथे तपस्व्यास मान मिळतो. भय भूमीचे नव्हे. मानाने जागणाऱ्या आसक्तीचे आहे. पुढे हाच पंथ पंजाबात आणि काबूलपर्यंत पोहोचला, हे आपण जाणतोच.

येथे कोणी म्हणेल, ‘मग प्रत्येक आज्ञा दुसऱ्या कोणासाठी होती, असे म्हणून सुटता येईल.’ तसे नाही. प्रकरण आज्ञा सैल करीत नाही, अधिक कठीण करते. जो भिक्षू महाराष्ट्रातच राहून हारतुऱ्यांची वाट पाहतो, त्याने अक्षर पाळले आणि अर्थ मोडला. सीमा ओलांडली की नाही, हे पायांना विचारणे सोपे; मनाला विचारणे अवघड.

म्हणून वासनिक असो वा भिक्षू, दुसऱ्यावर सूत्र फेकण्यापूर्वी आपण तीन प्रश्न करावे : हे कोणास निरूपिले? कोणत्या प्रसंगी? कोणता दोष निवारण्यासाठी? आणि तो दोष सापडला, की तो प्रथम आपल्या ठायी शोधावा.