निष्कलंक मेंढपाळाची शिळा

दक्षिण स्कॉटलंडमध्ये एस्क नदीच्या वरच्या खोऱ्यात वेस्टरकर्क नावाचा पॅरिश आहे. तिथल्या दफनभूमीत नजर आधी खेचून घेते ती वेस्टरहॉलच्या जॉन्स्टन घराण्याची समाधीवास्तू. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमने 1790 च्या सुमारास तिचा आराखडा केला. राजधानीच्या चौकात शोभावेत असे डोरिक खांब इथे मेंढरांच्या कुरणाशेजारी उभे आहेत. वास्तू देखणी आहे, पण तिच्यात शोकापेक्षा ऐपत जास्त बोलते.

आणि ही ऐपत केवळ या खोऱ्यातली नव्हती. घराण्यातला जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गब्बर झाला. ग्रेनाडा बेटावर घराण्याचा मळा होता, तिथे गुलाम राबत. जॉनच्या घरी बंगालमधून आणलेली एक मुलगी होती. कोर्टाच्या कागदांत तिची नोंद बेल उर्फ बेलिंडा अशी आहे. नवजात मूल मारल्याचा आरोप तिच्यावर आला आणि 1771 मध्ये पर्थच्या न्यायालयाने तिला समुद्रापार नेऊन गुलाम म्हणून विकण्याची शिक्षा दिली. जॉन्स्टनांचा इतिहास सांगताना खांब मोजायचे तर हा कागदही वाचावा लागतो.

नदीकाठाने वर गेलं की क्रेगहॉच्या माळावर एक वेगळंच थडगं लागतं. राजाने चर्चच्या कारभारात हात घालू नये म्हणणाऱ्या कव्हेनंटर पंथाचा अँड्र्यू हिस्लॉप तिथे मे 1685 मध्ये गोळी घालून मारला गेला, आणि जिथे पडला तिथेच पुरला गेला. त्याच्या शिळेवर मारणाऱ्यांची नावं कोरली आहेत: वेस्टरहॉलचा सर जेम्स जॉन्स्टन आणि क्लेव्हरहाउसचा जॉन ग्रॅहम. एरवी थडग्यावर मेलेल्याची वंशावळ असते. इथे फिर्याद आहे. न्यायालयाचं दार बंद असलेल्या माणसांनी ती दगडावर दाखल केली, आणि आरोपीच्या वंशजांना ती खोडता आली नाही.

याच खोऱ्यातल्या बर्नफुटला 1769 मध्ये जन्मलेला जॉन माल्कम आपल्याला चांगला ठाऊक आहे. 1818 मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो त्याच्याकडे, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, महाबळेश्वरच्या पेठेला त्याचं नाव लागलं. त्याचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आहे, आणि लँगहोमजवळच्या टेकडीवर त्याच्या नावाचा उंच स्तंभही आहे. इतकी स्मारकं झाली की कुठल्याच एकापाशी थांबावंसं वाटत नाही.

मी थांबेन ते वेस्टरकर्कमधल्या एका साध्या शिळेपाशी. ती जॉन टेलफर्ड या मेंढपाळाची. तो नोव्हेंबर 1757 मध्ये ग्लेनडिनिंगला वारला. तेहतीस वर्षं निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगला, एवढंच तिच्यावर लिहिलं आहे. अक्षरं कोरली त्याच्या मुलाने, थॉमसने. पुढे पूल, कालवे आणि रस्ते बांधून जगाला माहीत झालेल्या टेलफर्डने. तेव्हा तो तरुण पाथरवट होता.

बाप गेला तेव्हा थॉमस जेमतेम तीन महिन्यांचा होता. म्हणजे ज्याचा चेहरा आठवण्याची शक्यताच नाही, त्याच्या चारित्र्याची ग्वाही तो दगडात उतरवत होता. ही ग्वाही आईने दिली असेल, शेजाऱ्यांनी दिली असेल. मुलाचं स्वतःचं असं त्यात एकच, हात. आठवण नसताना कोरलेला हा मजकूर मला खोटा वाटत नाही. उलट, मेंढपाळाच्या गुणांची गावाने ठेवलेली नोंद इतक्या विश्वासाने पुढे नेणारा दुसरा कोण मिळाला असता?

टेलफर्ड 1834 मध्ये लंडनला वारला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरला गेला. पण मृत्युपत्रात त्याने हजार पौंड वेस्टरकर्कच्या वाचनालयाला ठेवले होते. हे वाचनालय 1793 मध्ये ग्लेनडिनिंगच्याच अँटिमनीच्या खाणीतल्या कामगारांनी सुरू केलेलं. त्या पैशातून खोऱ्यातल्या मेंढपाळांसाठी पुस्तकं येत राहिली.