सुसंगती आणि सत्य

लेखन चालू असता वीज अकस्मात गेली, तर हार्ड डिस्कवरील मजकुराबरोबरच त्या मजकुराच्या दप्तरालाही धोका पोहोचू शकतो; कारण फाइल साठविणे म्हणजे मोकळ्या ब्लॉकांतून जागा काढून घेणे, ती जागा ‘आयनोड’ या नोंदीत चढविणे आणि फाइलचे नाव डिरेक्टरीत दाखल करणे, अशी निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदींची मालिका असते, आणि ती मध्येच तुटली म्हणजे एक नोंद दुसरीशी जुळेनाशी होते. या नोंदींची रुजुवात घालण्यासाठी युनिक्समध्ये ‘एफएससीके’ आणि विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ असे तपासनीस नेमलेले आहेत. त्यांचे काम बारकाईने पाहिले, तर ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते की अन्य कशावरून ठरते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील जुना वाद मला तेथे फार स्पष्ट रूपात दिसतो, आणि आत्मपरीक्षणाच्या आपल्या रूढ कल्पनेविषयी मन साशंक होते.

एफएससीके मजकूर वाचीत नाही. कोणता ब्लॉक कोणाच्या नावे आहे, मोकळा म्हणून नोंदलेला ब्लॉक कोणी वापरीत तर नाही ना, आयनोडवर लिहिलेली संदर्भसंख्या डिरेक्टऱ्यांतील प्रत्यक्ष उल्लेखांशी मिळते काय, एवढेच तो पाहतो. आणि जिचे नाव कोणत्याच डिरेक्टरीत उरलेले नाही, अशी बेवारस फाइल तो तिच्या आयनोडच्या क्रमांकाने ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत जमा करतो. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती एकाच ब्लॉकवर दोन फाइली हक्क सांगू लागतात तेव्हा. तो ब्लॉक मूळचा कोणाचा, हे ठरविण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. म्हणून लिनक्सवरील तपासनीस त्या ब्लॉकची नक्कल करून दोन्ही फाइलींना एकेक प्रत देऊ करतो. तंटा मिटतो, दप्तर निर्दोष ठरते, आणि बहुधा दोहोंपैकी एका फाइलीच्या पोटात परका मजकूर कायमचा राहून जातो.

एकांतात स्वतःला तपासणारा सत्प्रवृत्त मनुष्य अनेकदा हेच करतो, असे मला वाटते. हाताखालच्या माणसाला चारचौघांत सुनावलेल्या कठोर शब्दांवर त्याची न्यायबुद्धीही हक्क सांगते आणि त्याचा क्रोधही. दोहोंपैकी एकही दावा त्याला खोडवत नाही. मग तो त्या प्रसंगाची एक प्रत शिस्तीच्या खाती टाकतो, दुसरी पश्चात्तापाच्या खाती, आणि स्मृतीच्या नोंदी परस्परांशी जुळल्या म्हणून स्वस्थ चित्ताने झोपी जातो. त्याच्या अंतःकरणाला लाभलेली ही शांती कृत्रिम नसते, परंतु प्रसंग जसा घडला तसाच त्याच्या स्मृतीत आहे, याचा दाखला तिच्यातून मिळत नाही.

ज्ञान यथार्थ आहे की नाही, हे त्या ज्ञानाच्या पोटात शोधून सापडत नाही, दिसले ते जलच होते हे तहान भागल्यावर कळते, असे नैयायिक म्हणतात. यावर कुमारिलांच्या परंपरेतील मीमांसकांचा आक्षेप उपेक्षणीय नाही. एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला लागला, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल आणि अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, ओढवेल. डिस्कच्या रचनेतही हाच पेच दिसतो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली ओपनसोलॅरिसमधून लोकांपुढे आणलेल्या झेडएफएस या रचनेत प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-संख्या त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकात ठेवलेली असते, म्हणजे प्रत्येकाची साक्ष दुसरा देतो. पण ही साखळी सर्वांत वरच्या ‘उबरब्लॉक’पाशी पोहोचली की त्याला स्वतःची पडताळणी-संख्या स्वतःजवळच बाळगावी लागते. येथे मीमांसकांचे म्हणणे मान्य करणे भाग आहे. तथापि या सर्व व्यवस्थेने सिद्ध होते ते इतकेच की जे लिहिले गेले तेच वाचले जात आहे. लिहिणाऱ्याने खरे लिहिले होते काय, हा प्रश्न डिस्कच्या कक्षेबाहेरचा आहे, आणि धर्मजीवनात तर तोच प्रश्न मुख्य असल्यामुळे माझे मत नैयायिकांच्या बाजूने पडते.

शिवाय, ज्या डिस्कवर लिहिणे चालू आहे तिची दुरुस्ती करू नये, असा एफएससीकेसारख्या तपासणीचा कडक दंडक आहे. विंडोज स्वतः जिच्यावरून चालते, त्या डिस्कची दुरुस्ती ते पुढील वेळी संगणक सुरू होईपर्यंत लांबणीवर टाकते. मनाला असे बाजूला काढून ठेवता येत नाही. परीक्षण चालू असताही ते नव्या नोंदी करीत असते, जुन्या फिरवीत असते.

बौद्ध संघाने ही अडचण ओळखली होती. वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या प्रवारणेत प्रत्येक भिक्षू, आणि तेही ज्येष्ठ स्थविरापासून आरंभ होऊन, उकिडवा बसून व हात जोडून संघाला त्रिवार विनवितो की माझ्या आचरणात जे तुम्हांला दिसले, जे तुमच्या कानी आले, किंवा ज्याची तुम्हांला शंका आली, ते अनुकंपेने मला सांगा. शंकेलाही येथे स्थान दिलेले आहे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कारण जो दोष कर्त्याच्या स्वतःच्या दप्तरात मुळी नोंदलाच गेला नाही, त्याचा पत्ता बहुधा दुसऱ्याच्या अस्पष्ट शंकेतूनच लागतो, आणि स्थविराने ज्याला पावसाळ्यात कठोर शब्द ऐकविले असतील, तो कनिष्ठ भिक्षूही ते सांगण्याचा अधिकारी म्हणून त्याच मंडळीत बसलेला असतो.